सहा नंबरची खोली

कोरोनाच्या त्या दोन वर्षांत बनुबाईंच्या फाटकातून आत कोण येणार, हे बनुबाईच ठरवत होत्या, आणि त्याबद्दल बोल्हेगावच्या त्या गल्लीत त्यांचं नाव झालं होतं.

घर एमआयडीसीच्या अलीकडे. पुढच्या बाजूला नवरा-बायकोचं राहतं घर आणि ओटा, मागे एका ओळीत सहा खोल्या, भाड्यानं द्यायच्या. दोन संडास, एक नळ आणि वरची गच्ची सगळ्यांना मिळून. सहादेव एसटीत ड्रायव्हर होते; निवृत्त झाले तेव्हा या खोल्या उठल्या. उठवल्या सहादेवांनी, पण चालवल्या बनुबाईंनी. आलेला माणूस कसा आहे, दारू पितो का, बायकोवर हात टाकतो का, हे त्या चहाचा कप रिकामा व्हायच्या आत ओळखायच्या. सहादेवांना कुणीही चांगलाच वाटायचा.

"तुमच्या हाती दिलं तर धर्मशाळा हुईल हितं," असं त्या म्हणायच्या. सहादेव हसायचे आणि पेपर उघडून बसायचे.

पहिला लॉकडाऊन लागला तेव्हा टीव्हीवर रोज नवं काहीतरी सांगायचे, पण घरात काय करायचं ते बनुबाईंनी आपलं आपण ठरवलं. फाटकाशी पाण्याची बादली आणि साबण. भाजीवाला आला की एकानंच जायचं आणि सगळ्यांची भाजी आणायची. नळावर एकाचं भरून झाल्याशिवाय दुसऱ्यानं जायचं नाही. संडास सकाळ-संध्याकाळ फिनेलनं धुवायचे. बाहेरचा पाहुणा बंद, मग तो कुणाचा का असेना. भाड्यासाठी कुणाच्या मागे लागायचं नाही, हेही त्यांनीच ठरवलं. "कामं बंद हायत, कुठून देतील," एवढंच म्हणाल्या.

एक नंबरच्या खोलीत वाल्मिक राहायचा. त्याचा टेम्पो होता. त्या उन्हाळ्यात तो कांदा घेऊन वाशीला गेला आणि परत आला तेव्हा फाटकाला आतून कुलूप होतं. मागे खोलीच्या दारात त्याची बायको उभी, फाटकाबाहेर तो पिशवी धरून उभा, आणि मध्ये बनुबाई.

"शाळेत सोय केलीय सरकारनं," बनुबाई म्हणाल्या. "मुंबईहून आलाय तू. तिथले दिवस काढ, मग ये."

"मावशी, मी गाडीतून खाली बी उतरलो न्हाई."

"हितं ल्हान पोरं हायत, वाल्मिक."

सहादेव मागून म्हणाले, "अगं, त्याचं घर हाय ते."

"घर त्याचं, फाटक माझं."

वाल्मिक शाळेत जाऊन राहिला. त्याला काही झालेलं नव्हतं. दिवस भरल्यावर परत आला, हसून बोलला, मनात काही ठेवल्यासारखं दाखवलं नाही. सहादेव मात्र नंतर दोन दिवस गप्प होते. बनुबाईंनी त्याकडे लक्ष दिलं नाही. शेजारच्या आळीत माणसं गेली, त्यांच्या अंगणात वर्षभर कुणाला साधी शिंक आली नाही. मुलगा हर्षल चाकणहून फोनवर म्हणायचा, "आई, तुला कलेक्टर करायला पाहिजे होतं." त्याला लागूनच त्यांची नात संस्कृती पलीकडून टाळ्या वाजवायची.

या सगळ्यात बनुबाईंचा उजवा हात म्हणजे तीन नंबरची दिपाली. तिचं माहेर पाथर्डीच्या पलीकडे. आई-बाप दरवर्षी दसरा झाला की ऊसतोडीला जायचे. दिपाली लहानपणी कारखान्यांवर फिरत वाढली आणि लग्न होऊन कल्याणबरोबर इथं आली, ती बनुबाईंच्या जिव्हाळ्यातच पडली. कल्याण कंपनीत कामाला. दिपालीला कावीळ झाली तेव्हा बनुबाईंनी तिला महिनाभर जेवू घातलं होतं. पोटची मुलगी नव्हती, ती जागा या पोरीनं कधी घेतली ते कळलंही नाही. दुसऱ्या वर्षी संक्रांतीनंतर दिपालीला दिवस गेले, आणि ते कल्याणच्याही आधी बनुबाईंना समजलं.

होळीच्या सुमाराला दुसरी लाट आली. आता मात्र लोक किड्यामुंगीसारखे जायला लागले. बनुबाईंनी पुन्हा फाटकाला कुलूप घातलं. त्यांचे गुडघे धरले होते, म्हणून सहादेव म्हणाले, "मागचं मी बघतो. फिनेल, नळ, सगळं. तू पुढचं बघ." बनुबाईंना बरं वाटलं. शेवटी एकदा माणसानं अंगावर काहीतरी घेतलं.

पाडव्याच्या आसपास लसीसाठी आरोग्य केंद्रावर रांगा लागल्या. बनुबाईंनी सहादेवांना चला म्हटलं. ते टाळत होते. "आज नको. पुढच्या आठवड्यात जाऊ."

"पुढच्या आठवड्यात लस संपंल."

"मग तू एकटी जा."

बनुबाईंनी ऐकलं नाही. बळंच नेलं. उन्हात उभं राहावं लागलं, गर्दी होती, मागचा एक माणूस रुमाल न लावता खोकत होता. बनुबाईंनी त्याला दोनदा झापलंही. सहादेव तोंडाला गच्च उपरणं बांधून, लोकांपासून लांब, भिंतीकडे तोंड करून उभे होते.

त्यानंतर आठवडाभरात सहादेवांना ताप आला. बनुबाईंच्याही तोंडाची चव गेली, पण त्या दोन दिवसांत उठून बसल्या. सहादेवांचा दम वाढत गेला. हर्षलनं चाकणहून पन्नास ठिकाणी फोन केले. बेड मिळाला तेव्हा उशीर झाला होता. रिक्षात बसताना सहादेव बनुबाईंना म्हणाले, "तू जप," आणि पुढचं बोलणं खोकल्यात गेलं. पुन्हा भेट झाली नाही. अमरधामच्या स्मशानातही लांबूनच, हर्षल एकटा, प्लॅस्टिकच्या कपड्यांत.

परत आल्यावर हर्षल अंगणात हात धुताना म्हणाला, "तुलाच घाई होती लसीची, आई." लगेच त्याला वाईट वाटलं, त्यानं माफीही मागितली. पण बोललेलं बनुबाईंच्या आत जाऊन बसलं.

पुढचे सगळे महिने बनुबाई त्या रांगेतच उभ्या होत्या. तो खोकणारा माणूस, त्याचा चौकड्याचा शर्ट, सहादेवांचं "आज नको". संध्याकाळी दिपाली येऊन बसायची. तिचं पोट दिसायला लागलं होतं. बनुबाई तिच्यासाठी काहीबाही करायच्या, थालीपीठ, खारी शेंग, आणि मग मध्येच हात थांबायचा.

"मीच नेलं गं त्यांना. ते न्हाई म्हनत हुते."

दिपाली त्यांचा हात हातात घ्यायची. "मावशी, असं मनाला लावून घेऊ नका." कधी कधी तीही रडायची. बनुबाईंना वाटायचं, पोर आपल्यासाठी रडते आहे.

दसरा आठवड्यावर आला होता. दिपाली तपासणीसाठी दवाखान्यात गेली होती. दुपारी फाटकाची कडी वाजली. बाहेर उन्हानं रापलेली एक बाई उभी होती, डोक्यावर पदर, काखेत बाजरीचं गाठोडं.

"मी लंकाबाई. दिपालीची आई."

बनुबाईंनी तिला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. दिपालीच्या तोंडून तिच्याबद्दल ऐकलं होतं, पाहिलं कधीच नव्हतं.

"पोरीला न्हाई सांगितलं मी येनार म्हून," लंकाबाई म्हणाली. "ती येऊच देत न्हाई. दर बारी कायतरी सांगती. पन आता दसरा झाला की टोळी निघनार कारखान्यावर. पोरीचं पयलं बाळातपन, आन् मी उसाच्या फडात. तवा म्हनलं, तुमच्या कानावर घालावं. तुमच्याच पदरात टाकते तिला."

"त्याची काळजी करू नका. मी करनारच हाय तिचं सगळं."

लंकाबाईनं डोळ्याला पदर लावला. "आन् काकांच्या फोटूच्या बी पाया पडायचं हुतं. मला तर परवा कळलं ते गेलं म्हून. जावयाच्या तोंडातनं निघून गेलं. पोरीनं इतकं दिस कळू दिलं न्हाई मला."

बनुबाईंना त्या बाईचं कौतुक वाटलं. कधी न भेटलेल्या माणसासाठी एवढ्या लांबून आली. "तुमी वळखत हुता त्यांना?"

"वळखत?" लंकाबाईनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "ताई, त्यांनी तुमच्या त्या शेवटच्या खोलीत मला जागा दिली, म्हनून तर आज हितं बसलेय."

बनुबाईंनी तिच्या हातातला रिकामा पेला घेतला. त्यांना वाटलं, ही बाई दुसऱ्याच कुठल्या घराबद्दल बोलते आहे.

लंकाबाई सांगत राहिली. कारखान्यावरून गावी आल्यावर तिला ताप भरला. गावातल्यांनी वस्तीवर ठेवू नका म्हणून सांगितलं. पाथर्डीत जागा नव्हती, नगरात नव्हती. कल्याणनं तिला चादरीनं पाठीशी बांधून मोटारसायकलवर आणलं. डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि वेगळं राहायला सांगितलं. "वेगळं कुठं ऱ्हावं? पोरीची एक खोली, त्यात ती दोन जीवांची. तवा काका म्हनले, सहा नंबर रिकामी हाय. मागच्या बोळातलं दार त्यांनीच उघडलं. तुमी रेशनला गेल्त्या तवा."

"कदी हे?"

"पाडव्याच्या आदी. पाडव्याला त्यांनी मला पुरनपोळी आनून दिली, ती तुमच्या हातची. दोन टाइम यायचे. थर्मासात चहा आनायचे. त्या मशीनमधी माझं बोट घालून बघायचे. पोरीला उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू दिलं न्हाई. म्हनायचे, तुझ्या पोटात लेकरू हाय, तू लांब ऱ्हा, म्हातारा कशाला हाय. पाडव्यानंतर चार दिसांनी उतार पडला, तवा जावयानं रातच्याला मला गावी नेऊन सोडलं." लंकाबाई थांबली. बनुबाईंचा चेहरा आता तिला दिसला होता. "तुमाला... तुमाला म्हाईत न्हवतं का ताई?"

बनुबाईंच्या डोक्यात एकेक गोष्ट आपली आपण जागेवर जाऊन बसत होती. पाडव्यापासून उकाड्याचं निमित्त करून सहादेव ओट्यावर झोपायला लागले होते. ताट घेऊन लांब बसायचे. बोटाला लावायचं ते ऑक्सिजनचं मशीन सापडत नव्हतं, तेव्हा म्हणाले, कुठंतरी असंल. आणि लसीच्या रांगेत भिंतीकडे केलेलं तोंड. सहादेवांना सगळं माहीत होतं. आपण काय अंगावर घेतलं आहे ते माहीत होतं, म्हणून तर म्हणत होते, आज नको.

"काका कशानं गेले?" लंकाबाईनं अगदी हळू विचारलं. "जावयाकडून कळल्यावर पोरीला इचारलं, तर म्हनली, झटका आला."

"कोरोनानं," बनुबाई म्हणाल्या. "पाडव्यानंतर आठ-धा दिसांनी ताप आला."

लंकाबाईचा हात तोंडावर गेला. ती ओट्यावरून खाली सरकली आणि जमिनीवरच बसून राहिली.

फाटक वाजलं. दिपाली आत आली, हातात दवाखान्याची पिशवी, आणि आईला तिथं बघून जागच्या जागी उभी राहिली. कुणी काही सांगायची गरज पडली नाही.

"बस," बनुबाई म्हणाल्या. "उन्हातून आलीस."

दिपाली बसली नाही. "मावशी, मी सांगनार हुते."

"कदी?"

दिपालीनं दवाखान्याची पिशवी ओट्याच्या कडेला ठेवली.

"वाल्मिकला म्हाईत हुतं?"

"व्हय. त्यांनीच मोटारसायकल लपवली हुती त्यांच्या टेम्पोमागं."

"त्याच्या बायकोला?"

दिपालीनं मान हलवली. म्हणजे सगळ्या अंगणाला माहीत होतं. नळावर ज्या बायका बनुबाईंना बघून बाजूला सरकायच्या, त्यांना माहीत होतं. इतके दिवस बनुबाईंना वाटत होतं, आपल्या दुःखाचा मान राखतात.

"काकांनी शपथ घातली हुती, मावशी. म्हनले, बनूला विचारायचं न्हाई. ती न्हाई म्हनंल. आन् मग तुझ्या आईचं काय बरंवाईट झालं तर तिला ते घेऊन जगावं लागंल. त्यापेक्षा तिला कळूच देऊ नको."

"आन् आता मी काय घिऊन जगतेय?"

दिपाली रडायला लागली. बनुबाईंचा आवाज चढला नाही. त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

"त्यांनी तुला शपथ घातली, कबूल. तुझी आई मरत हुती, तू आनलीस, ते बी कबूल. तुझ्या जागी मी असते तर मी बी आनली असती. पन ते गेल्यावर? मी रोज तुझ्यापुढं बसून म्हनायचे, मीच नेलं त्यांना, मीच मारलं. माझा हात तुझ्या हातात असायचा. त्या वक्ताला तुझ्या तोंडातून एक शबुद निघाला न्हाई, दिपाली?"

"भीती वाटायची. तुमी घालवून द्याल याची."

"मग मला त्या रांगेत उभं ऱ्हाऊ दिलंस. तुझी खोली टिकावी म्हनून."

लंकाबाई उठली आणि तिनं लेकीच्या दंडाला धरलं. मारेल की काय असं वाटलं, पण तिनं फक्त धरून ठेवलं. मग बनुबाईंच्या पायाशी वाकायला गेली, तेव्हा बनुबाईंनी पाय मागे घेतले. "तुमचा काय दोष न्हाई, बाई. तुमी उठा." एवढं बोलून त्या घरात गेल्या आणि दार लोटून घेतलं.

त्यांनी हर्षलला फोन लावला. सगळं सांगितलं, जसं ऐकलं तसं, आणि शेवटी म्हणाल्या, "लसीनं न्हाई झालं ते. तू म्हनाला हुतास ना, म्हनून सांगतेय."

  "बाबांनी हे केलं?" हर्षल म्हणाला. "खरंच, बाबाच करू शकतात असं काही." तो पुन्हा म्हणाला, "एका बाईचा जीव वाचवून गेले, आई."

त्याच्या आवाजात अभिमान होता. बनुबाईंना तो ऐकू आला आणि त्यांनी फोन ठेवून दिला. आता हे असंच होणार होतं. जो ऐकेल तो सहादेवांचं नाव काढणार, गावाकडे घोडेगावातही सांगितलं जाणार, देवमाणूस होता म्हणून. आणि त्या गोष्टीत बनुबाई कोण? जिच्यापासून चोरून चांगुलपणा करावा लागला, ती बाई. पस्तीस वर्षांच्या संसारात त्या माणसानं आपल्याला एवढंच ओळखलं होतं. बरं, भांडायचं तर तो समोर नाही. जिवंत असता तर त्यांनी त्याला उभं-आडवं झापलं असतं, दोन दिवस जेवण वाढलं नसतं, आणि मग विचारलं असतं, तुम्ही मला विचारून तर बघायचं. फक्त एकदा विचारून बघायचं.

त्यांनी दिपालीला खोली सोडायला सांगितलं नाही. वाल्मिकलाही काही बोलल्या नाहीत. तो एकदा ओट्याशी येऊन उभा राहिला, "मावशी" म्हणाला, आणि त्यांनी त्याच्याकडे न बघता तांदूळ निवडणं चालू ठेवलं, तेव्हा निघून गेला. अंगणात सगळे हळू आवाजात बोलायला लागले. दिपाली नळावर यायची, बनुबाई आत जायच्या. थालीपीठं बंद झाली. दिपालीच्या पायांना सूज आलेली त्यांना खिडकीतून दिसायची, आणि पाय उंचावर ठेवून झोप, मीठ कमी कर, हे सांगायला तोंड उघडायचं आणि मिटायचं. घालवून दिलं असतं तर त्या पोरीला सोपं गेलं असतं. आठ दिवसांत कल्याणनं निंबळकला खोली बघितली आणि वाल्मिकच्याच टेम्पोत सामान भरलं. जाताना दिपालीनं बंद दाराला बाहेरून हात लावून नमस्कार केला. बनुबाई दाराच्या आतल्या बाजूला उभ्या होत्या.

लंकाबाई त्या वर्षी तोडीला गेली नाही. मुकादमाशी भांडून, नवऱ्याला एकट्याला पाठवून ती लेकीजवळ राहिली, असं वाल्मिकच्या बायकोनं नळावर मुद्दाम मोठ्यानं सांगितलं.

दिवाळी झाल्यावर कल्याण पेढे घेऊन आला. फाटकाबाहेरच उभा राहिला. मुलगी झाली होती, दोघी बऱ्या होत्या. बनुबाईंनी फाटक उघडलं, पुडा घेतला, वजन किती भरलं ते विचारलं. अंगावर पाजते का, तेही विचारलं. कल्याण उत्तरं देत गेला. 

तो गाडीला किक मारणार तेवढ्यात बनुबाई म्हणाल्या, "कल्याण, तिला एक सांग."

तो थांबला.

"म्हनावं, त्या वक्ताला मला विचारलं असतं ना, तर मी व्हय म्हनले असते. तुझ्या सासूला मीच आत घेतलं असतं."

"व्हय मावशी," कल्याण म्हणाला. लगेच म्हणाला, अदबीनं म्हणाला. म्हाताऱ्या माणसाचं मन राखायला म्हणतात तसं. त्यानं क्षणभर खाली बघितलं आणि गाडी सुरू केली.

बनुबाई गाडी वळणाआड जाईपर्यंत तिथंच उभ्या होत्या. मी म्हणाले असते, त्या मनाशी पुन्हा म्हणाल्या. मग आणखी एकदा. पेढ्यांचा पुडा हातात तसाच होता, आणि मागून वाल्मिकची पोरं त्याच्याकडे बघत उभी होती, त्यांना त्यांनी हाक मारून एकेक पेढा दिला.